शेवटच्या गल्लीची चावी

शुक्रवार पेठेत आमोस साबळे हे नाव फार थोड्यांना ठाऊक होतं, पण चावीवाले साबळेमामा सगळ्यांना ठाऊक होते. साडेचार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ आणि खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणारं चौकोनी तोंड, अशी ती चावी. ती खांद्यावर टाकून मामा सायकल ढकलत निघाले की बायका दारातूनच आत ओरडत, "चावीवाला आला गं, घागरी काढा!" पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही दुपारी बारा ते चार. मामांच्या ताब्यात चार गल्ल्या, प्रत्येक गल्लीला एक तास. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, तास भरला की बंद करून पुढच्या झाकणाकडे जायचं. एकतीस वर्षं हेच काम.

एकतीस वर्षांत "मामा, आज पाणी बरं आलं हं" असं कुणी म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पाणी आलं की ते नळाला आलेलं असायचं, आणि नाही आलं की साबळ्याने सोडलेलं नसायचं.

मामांचे वडील वैरागकडचे. मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकून ते सोलापुरात गिरणीत लागले. चाळीत त्यांच्या शेजारी नागव्वा नावाची आंधळी म्हातारी राहायची. पहिल्या पाळीला जायच्या आधी वडील तिचा रांजण गुपचूप भरून ठेवत. म्हातारीला वाटे, सूनच भरते. ती दिवसभर सुनेचं कौतुक करी आणि सून ते खुशाल ऐकून घेई. लहानग्या आमोसला याचा फार राग यायचा. "मी सांगू का तिला?" असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा वडिलांनी त्याचा कान असा पिळला की दोन दिवस लाल होता. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, देवाला दिसतं तेवढं पुरे, हे संडेस्कूलमध्ये सगळीच मुलं शिकतात. आमोसने ते कानासकट लक्षात ठेवलं.

पुढे गिरणी बंद पडली. आमोस पाणी खात्यात रोजंदारीवर लागले आणि काही वर्षांनी कायम झाले. ही नोकरी हीच आपली देवाची सेवा, असं त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात मनाशी ठरवून टाकलं. कुणाच्या घरी लग्न असो, कुणी पुढाऱ्याचा मेहुणा असो, तास म्हणजे तास. कुणाच्या दारात चहा घ्यायचा नाही, कुणाला पाच मिनिटं जास्त द्यायची नाहीत, आणि हे आपण का करतो ते कुणाजवळ बोलायचं नाही. लोक म्हणत, "साबळ्या लई खडूस हाय." मामांना ते चालत होतं.

चालत नव्हतं ते पाळकसाहेबांना. चर्चच्या मंडळीचे पाळक तरुण होते, पुण्यात शिकून आलेले. यंदा त्यांनी प्रत्येक सभासदाला एक सेवाकार्ड दिलं होतं. महिन्यात किती घरांना भेटी दिल्या, कुणाशी प्रभूविषयी बोललात, कुणासाठी प्रार्थना केलीत, असे त्यावर रकाने होते. एका रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मामांना दारातच गाठलं.

"मामा, चार महिने तुमचं कार्ड कोरंच येतंय."

"हो साहेब."

"एखाद्या तरी घरी गेला असाल की?"

"अडीचशे घरांना पाणी सोडतो, साहेब."

"ती तुमची नोकरी झाली. मी सेवेबद्दल विचारतोय."

मामांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण आसपास चार माणसं होती म्हणून त्यांनी ते गिळलं. घरी येऊन ते ताटावर बसले. बजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताट वाढता वाढता विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?"

"नोकरी म्हणे! एकतीस वर्षं मी काय नोकरी केली का?"

"मग काय केलं? पगार तर आणत होता दर महिन्याला." बजाबाईंनी आमटीत पळी घातली. "लिहून टाका ना कार्डावर. व्हॉल्व्ह उघडला, व्हॉल्व्ह बंद केला. देवाला तरी वाचायला काहीतरी होईल."

मामा चिडले, पण जेवले. चिडायचं खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी बजाबाईंनाही कधी धड सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे शेवटची गल्ली.

चार गल्ल्या उतारावर एकाखाली एक होत्या. वरची गल्ली टाकीजवळ. मग शाळेची, मग मधली, आणि सगळ्यांत खाली शेवटची. क्रम कागदावर ठरलेला: बाराला वरची, तीनला शेवटची. तीन वाजेपर्यंत टाकी रिकामी होत यायची, पाण्याचा जोर संपलेला असायचा. शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार यायची आणि तीही खोकत खोकत. म्हणून तिथल्या लोकांनी नळ जमिनीवर ठेवलेच नव्हते. घरासमोर हात-दीड हात खड्डा खणून त्यांनी पाइप खालीच कापला होता. त्यावर तोटी नाही, काही नाही. खाली वाकून वाटीवाटीने पाणी घागरीत भरायचं. म्हणजे तास सगळ्यांना सारखा देऊनही शेवटच्या गल्लीला पाणी सारखं मिळत नव्हतं, आणि मामांची सगळी शिस्त त्या खड्ड्यांशी येऊन लंगडी पडत होती. क्रम बदला म्हणून त्यांनी तीन इंजिनिअरांना सांगून पाहिलं. तिघेही "बघू" म्हणाले आणि बदलून गेले.

मार्च महिन्यात खात्यात हुकूम आला. एक तारखेपासून व्हॉल्व्ह सोडायचं काम ठेकेदाराच्या माणसांकडे जाणार होतं. मामांना निवृत्तीपर्यंतचे आठ महिने टाकीवरच्या खोलीत बसून पाण्याची पातळी लिहायची होती. आता पाण्याच्या तीनच पाळ्या राहिल्या होत्या. हुकूम दोनदा वाचल्यावर मामांच्या नजरेत एक ओळ भरली. ठेकेदाराने 'महिनाअखेरीस चालू असलेल्या क्रमाने' पाणी सोडावं, असं त्यात होतं. म्हणजे या तीन पाळ्यांत शेवटची गल्ली पहिली केली आणि वहीत तसं लिहिलं, तर तोच क्रम पुढे चालू राहणार होता. एकतीस वर्षांत जे झालं नाही ते पंधरा दिवसांत होणार होतं. कुणाला विचारायचं कारण नव्हतं, कुणाला सांगायचंही नव्हतं. वडिलांनी रांजण भरला तसंच.

पहिल्या पाळीला बाराच्या ठोक्याला मामा वरची गल्ली ओलांडून थेट खाली आले. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाखाली झाकण होतं. त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पायाखालून पाइप घुमायला लागला. हा आवाज या ठिकाणी त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. गल्लीत जाऊन पाहावं, असं फार वाटलं. पण गेलो तर बायका बाहेर येतील, काहीतरी बोलतील, कौतुक करतील. म्हणजे आपण कौतुक गोळा करायला आलो असंच होईल. म्हणून मामा गल्लीकडे पाठ करून झाडाखाली उभे राहिले आणि मनातल्या मनात एक जुनं गीत म्हणू लागले.

वीसेक मिनिटांनी काठीचा आवाज आला. शेवटच्या गल्लीतले म्हातारे मैनुद्दीनचाचा येत होते. हा माणूस आभार मानायला येतोय असं वाटून मामांनी "अहो, आमचं कामच आहे ते" हे वाक्य तयार ठेवलं. मग त्यांचं लक्ष चाचांच्या लुंगीकडे गेलं. गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

"साबळे! बंद कर रे पहिला! आमची घरं बुडवतो काय?"

मामांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि धावले. शेवटच्या गल्लीत पाणी तीनला येतं हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. म्हणून पाण्याच्या दिवशी बायका सकाळी कामावर जात आणि अडीचपर्यंत परत येत. बारा वाजता निम्म्या घरांना कुलपं होती. बिनतोटीच्या पाइपांतून पाणी उसळून खड्डे भरले होते, खड्ड्यांतून ते अंगणात आणि अंगणातून उंबऱ्याआत गेलं होतं, कारण घरं रस्त्यापेक्षा खाली होती. बाकीचं सगळं गटारात वाहून चाललं होतं.

जाहिदाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. जाहिदा शाळेचे गणवेश शिवायची. कारखान्याचा माल घरी आणून, कापलेल्या तुकड्यांचे नि शिवून झालेल्या कपड्यांचे गठ्ठे जमिनीवर रांगेने मांडून ठेवायची. ती बटणं आणायला गेली होती. मामा पोचले तेव्हा निळ्या स्कर्टांचा रंग पांढऱ्या शर्टांवर उतरत होता. ते गठ्ठे उचलून खाटेवर ठेवायला वाकले, तोवर दारात जाहिदा उभी.

तिने आधी जमीन पाहिली, मग गठ्ठे, मग मामांच्या हातातले ओले कपडे. रडली नाही. बटणांची पिशवी खुंटीला अडकवून ती एवढंच म्हणाली, "किसकू पूछ के छोडे मामू, पानी?"

मामांनी हातातले कपडे खाटेवर ठेवले.

तिसऱ्या दिवशी खात्यातून बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर अर्ज होता. वरच्या गल्लीच्या सह्या, कारण त्यांना पाणी एक वाजता आलं. आणि खाली शेवटच्या गल्लीच्या सह्या नि अंगठे, कारण त्यांची घरं भिजली.

"साबळे," साहेब म्हणाले, "वरची गल्ली आणि खालची गल्ली एका कागदावर आलेली मी पहिल्यांदा पाहतोय. हे तुम्ही करून दाखवलंत."

"साहेब, शेवटच्या गल्लीला..."

"जुना क्रम. पुढच्या पाळीपासून. आणि परत तुमचं नाव माझ्या कानावर येऊ देऊ नका. आठ महिने राहिलेत ना? शांतपणे घालवा."

त्या संध्याकाळी मामांनी प्रार्थना केली नाही, देवाशी भांडण केलं. खाटेवर बसून, डोळे मिटून, मनात. तुझंच काम करत होतो ना मी? स्वतःचं नाव नको म्हणून बाजूला उभा राहिलो ना? मग माझं काम गटारात का घातलंस? बजाबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. नवऱ्याचे ओठ हलताना पाहून त्या म्हणाल्या, "त्याच्याशी काय तंटा करताय? त्याची कापडं नाही भिजली. जिची भिजली तिच्याकडे जाऊन या."

मामा गेले. जाहिदा दाराशी बसून शर्टाच्या कॉलरीवरचा निळा डाग लिंबाने घासत होती. बाजूला पाटावर मैनुद्दीनचाचा होते. ते तिचे सासरे.

"माफी मागायला आलोय," मामा म्हणाले.

"बसा." तिने स्टूल सरकवलं. "पन्नास शर्ट घेतले परत त्यांनी. पुढचा माल देतील का नाय, माहीत नाय. पण ते जाऊ दे. मला एक सांगा मामू, तुम्ही चुकून सोडलं का मुद्दाम?"

"मुद्दाम. तुम्हाला जोराचं पाणी मिळावं म्हणून."

जाहिदाचा हात थांबला. "आमच्यासाठी?"

"हो."

"अन् आम्हालाच सांगितलं नाय?"

"सांगायचं काय त्यात? चांगलं काम सांगून करायचं नसतं."

"या अल्ला!" तिने कपाळाला हात लावला. "चोरावानी पाणी सोडलं तुम्ही मामू. एक शब्द बोलला असता तर गल्लीतली एक बाई कामाला गेली नसती. हंडे मांडून, तोट्या बसवून तयार राहिलो असतो. तुम्ही चांगले आहात हे कुणाला कळू नये म्हणून आमचं घर भिजवलं काय?"

मैनुद्दीनचाचा हसू दाबत होते. मामांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना या बाईचा संताप आला, मग आपला आला, आणि उठताना वडिलांचाही थोडा आला. नागव्वा आंधळी होती, रांजण एका जागी होता आणि त्याला बूड होतं. हे लक्षात यायला आपल्याला पन्नास वर्षं लागावीत?

दुसरी पाळी जुन्या क्रमाने झाली. शेवटच्या गल्लीत तीनला धार आली, खोकली आणि साडेतीनला गेली. आता महिनाअखेरची तिसरी पाळी तेवढी उरली.

तिच्या आदल्या दिवशी मामा चावी न घेता शेवटच्या गल्लीत आले. चावी नसल्याने हात कुठे ठेवावेत ते कळेना. अडतीस घरं होती. पहिल्याच दारात एका माणसाने विचारलं, "मत मागायला आलाय काय? कुठल्या पार्टीकडून?" दुसऱ्या दारात कुत्रं अंगावर आलं. "उद्या पाणी बाराला येणार आहे, जोरात येणार आहे, तोटी बसवा, घरी थांबा," एवढं सांगायला मामांना पाच-पाच मिनिटं लागत होती, कारण प्रत्येक घरी आधीच्या पाण्याचा उद्धार ऐकून घ्यावा लागत होता.

सातव्या घरी ईरम्मा होती, मैंदर्गीकडची म्हातारी. तिने मामांचं ऐकून घेतलं नाही, त्यांना बघून विचारलं, "तू चर्चवाला न्हाय का?"

"हो, पण मी पाण्याचं..."

"माझा गुडघा लई दुखतोय बघ. तुमी लोक डोळं मिटून काय तरी म्हंता की. म्हन."

"आजी, मी पाण्याचं सांगायला आलोय."

"पाणी येतंय तवा येतंय. गुडघा आत्ता दुखतोय."

मामा घाईने निघून गेले. दोन घरं पुढे गेल्यावर त्यांचं मन खायला लागलं. ते परत आले, ईरम्मासमोर उकिडवे बसले आणि प्रार्थना केली. देवळात पाळकसाहेब किती गोड शब्दांत करतात. मामांना नुसतं "प्रभू, या आजीचा गुडघा बरा कर, त्यांना खड्ड्यात वाकावं लागतं" एवढंच सुचलं. ईरम्माने "बेस झालं" म्हणून पाठ थोपटली. रस्त्यावर आल्यावर मामांच्या लक्षात आलं की पाण्याचं सांगायचं राहूनच गेलं. तिसऱ्यांदा परत जावं लागलं.

जाहिदाच्या घरी ते शेवटी गेले. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "साहेबांनी नको म्हटलंय ना?"

"हो."

"मग नोकरीवर येईल की. कशाला करताय? खरं सांगा."

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "वरून सुरू केलं की खालच्याला उरत नाही," ते अडखळत म्हणाले. "माझ्या प्रभूला ते चालत नाही. असं मला वाटतं. म्हणजे मी काही फार शिकलेला नाही. पण मी त्याच्यासाठी करतो. पहिल्यापासून."

"आमच्या अल्लाला पण चालत नाय," जाहिदा म्हणाली. "पण असं येऊन कुणी सांगत नाय. थांबा, मी बायकांना गोळा करते. तुमच्या सांगण्याने निम्म्या थांबणार नाय. तुम्ही बोलताना असं वाटतं की पाणी तोडायला आलात."

तिसऱ्या पाळीला बारा वाजता शेवटच्या गल्लीत एकाही दाराला कुलूप नव्हतं. कुठे तोटी, कुठे लाकडी बूच, कुठे नुसतं सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. मामांनी व्हॉल्व्ह उघडला आणि या वेळी गल्लीत आत गेले. हंडा मांडून सरळ होईपर्यंत भरत होता. बायका खिदळत होत्या, पोरं धारेखाली उभी होती, आणि दहा मिनिटांत दोन घरांत पिंपावरून भांडण सुरू झालं. "मामा, हिने आमच्या नळाला पाइप लावला बघा!" "मामा, तुम्हीच सांगा!" मामांना आभाराचा एक शब्द मिळाला नाही. भांडण सोडवताना तास संपला.

वरच्या गल्लीत एक वाजता व्हॉल्व्हपाशी महेश्वर स्कूटरवर बसून वाट बघत होते. कापडाचे व्यापारी, दोन मजली घर, गच्चीवर टाकी.

"या या साबळेमामा. खालच्या गल्लीने काय चारलं हो तुम्हाला? बिर्याणी?"

"पाणी तुम्हालाही तासभरच मिळणार, महेश्वरअण्णा. कमी नाही होणार."

"वेळ बदलली की! आमच्या घरात बाराची सवय आहे. बायको बाराला कपडे भिजवून बसते. तुम्ही जाता जाता आमच्यावर कसला सूड काढताय?"

एकतीस वर्षं बारा वाजता पाणी मिळालेल्या माणसाला एक वाजता मिळणं हा सूड वाटतो, हे मामांना नवीन होतं. संध्याकाळच्या आत खुलाशाची नोटीस आली. साहेबांनी वहीतला मामांचा क्रम लाल शाईने खोडून जुना लिहिला, आणि तोच कागद ठेकेदाराकडे गेला. एक तारखेला मामांनी चावी जमा केली. कारकुनाने ती कोपऱ्यात इतर चार चाव्यांत उभी करून ठेवली. कुठली आपली ते पाच मिनिटांनी मामांनाही सांगता आलं नसतं.

टाकीवरच्या खोलीत एक खुर्ची, एक वही आणि भिंतीवर एक काचेची नळी होती. तासातासाला नळीतली पातळी लिहायची. रविवारी मामा देवळात गेले, सेवाकार्ड मागे बाकावरच ठेवून आले. पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मामा वाईट बोलले असते.

पाण्याच्या दिवशी सव्वाबाराला साहेबांचा फोन आला.

"साबळे, तुमच्या त्या बायकांनी काय लावलंय? व्हॉल्व्हवर बसल्यात! ठेकेदाराचा माणूस ओरडतोय. कोणी शिकवलं त्यांना हे?"

"बसायचं मी नाही शिकवलं, साहेब. पाणी आधी सोडलं की खाली जोरात येतं, हे मी सांगितलं. घरोघर जाऊन."

"या आणि निस्तरा. नाहीतर दुसरी नोटीस देतो."

मामा उन्हात सायकल मारत आले. वरच्या गल्लीच्या झाकणावर जाहिदा शिवणाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. शाळेच्या गल्लीच्या झाकणावर शेवटच्या गल्लीतली एक सून होती, आणि मधल्या गल्लीच्या झाकणावर गुडघा लांब करून ईरम्मा. फक्त शेवटच्या गल्लीचं झाकण मोकळं होतं. ठेकेदाराचा माणूस, श्रीपूरकडचा गुरप्पा, नवी कोरी चावी घेऊन मध्ये उभा होता. महेश्वरअण्णा स्कूटरवरून फोनवर बोलत होते.

"मामा, ह्यास्नी उठवा की," गुरप्पा काकुळतीला आला. "मला कागदावर लिवलंय वरची गल्ली पैली. मी हितं नवा हाय. मला कुटं ठावं कोन कुटं बसतंय."

मामा जाहिदाजवळ गेले. "उठ जाहिदा. मला नोटीस देतायत."

"उठते ना. त्यांना म्हणावं खालचं आधी खोला, मग उठते." तिने सुईत दोरा ओवला. "अन् मामू, तुम्ही पण एक सांगा. दर पाचव्या दिवशी मी काम सोडून हितंच बसू का? आज अर्धा दिवस गेला. परवा परत माल द्यायचाय. कारखानेवाला मागच्या वेळेपासून डोळे वटारून बसलाय."

कागदावर क्रम जुनाच होता. आज बसून जे मिळेल ते आजचंच, पाचव्या दिवशी परत पहिल्यापासून. त्यांना साहेबांचा राग आला, महेश्वरचा आला, त्या कागदाचा आला. सगळ्यांत जास्त राग याचा आला की ही बाई खरं बोलत होती.

"उठ तू," ते म्हणाले.

"मामू..."

"उठ म्हणतो ना. जा घरी, शिव. मी बसतो."

जाहिदाने त्यांच्याकडे पाहिलं, गठ्ठा उचलला आणि बाजूला झाली. मामा झाकणावर बसले. लोखंड तव्यासारखं तापलेलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून खाली घातला, त्याने काही फरक पडला नाही.

"अहो साबळे!" महेश्वरअण्णा ओरडले. "सरकारी माणूस तुम्ही! शोभतं का?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय," मामा म्हणाले. अजून टाकली नव्हती. उद्या टाकायची होती, आणि ती मंजूर होणार नव्हती हेही त्यांना ठाऊक होतं.

गुरप्पा घाम पुसत जवळ आला. "मग मी आता काय करू, मामा?"

"खाली लिंबाजवळ झाकण आहे. ते उघड. व्हॉल्व्ह जुना आहे, एकदम जोर लावू नको, शेवटी अडतो. आणि उघडायच्या आधी गल्लीत जाऊन ओरड, बूच नीट लावा म्हणून."

"अन् तुमी?"

"मी आहे इथे."

"किती येळ?"

"तास आहे ना त्यांचा? तासभर."

गुरप्पाने झाकणाकडे पाहिलं, मामांच्या खालच्या रुमालाकडे पाहिलं. "चटका बसत असंल की."

"बसतोय," मामा वैतागून म्हणाले. "तू जा आधी, साडेबारा होत आले."